बडोद्यातल्या हॉस्पिटलांना विकलं जाणारं ‘आचारसंहिता पॅकेज’: घ्यायचं की नाही?

एनएबीएचची (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) तपासणी तोंडावर आली की हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागाला एकदम आठवतं की आपल्याकडे आचारसंहिता नावाचा धड कागदच नाही. असलाच तर तो कुठून तरी उतरवून घेतलेला असतो, आणि तळाला दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव राहून गेलेलं असतं. ही घाई ओळखून तयार पॅकेजं विकणारे सल्लागार आता घरोघरी, म्हणजे हॉस्पिटलोहॉस्पिटली, फिरू लागले आहेत. अलकापुरी, गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड या पट्ट्यातल्या ५० ते १५० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलांना गळ घालणाऱ्या अशाच एका पॅकेजचं हे परीक्षण आहे. विकणाऱ्यांचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर यातला अर्धाअधिक मजकूर बाजारातल्या दुसऱ्या पॅकेजांतही जसाच्या तसा सापडतो, आणि दुसरं म्हणजे विकत घेणाऱ्याला नावापेक्षा आत काय तपासायचं हे कळणं जास्त कामाचं.

पॅकेजमध्ये मिळतं ते असं: ४४ पानांची खिशात ठेवायची पुस्तिका (गुजराती आणि इंग्रजी छापील, मराठी फक्त पीडीएफ), ४० जणांच्या दोन तुकड्यांसाठी तीन-तीन तासांचं प्रशिक्षण, २० प्रश्नांची चाचणी, प्रत्येकाची सही घ्यायचा ‘स्वीकृतीपत्र’ नावाचा कागद, तक्रारीची कुलूपबंद पेटी आणि तिच्या जोडीला मोबाइलवर उघडणारा फॉर्म, सहा पोस्टर, घटना नोंदवायचा छापील तक्ता, आणि तीन महिने फोनवरचं समुपदेशन. शंभर खाटांच्या हॉस्पिटलला ८५ हजार सांगतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या वर गेलं. घासाघीस केली तर तिसरी तुकडी फुकट घालून देतात, पैसे कमी करत नाहीत.

आधी जे चांगलं आहे ते. भेटी, कट (म्हणजे कमिशन) आणि रेफरलचा भाग नेमका लिहिलाय. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत रेफर करण्याबद्दल कमिशन घेणं-देणं मना आहे, डिसेंबर २००९ मध्ये तिच्यात औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्याबद्दलचं कलम आलं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांच्या बाजूने एकसमान विपणन संहिता काढली. हा सगळा पट चार पानांत आणि सोप्या गुजरातीत आहे. औषध कंपनीच्या एमआरने ठेवलेलं पेन, कॉन्फरन्सचं तिकीट, इम्प्लांट कंपनीच्या माणसाने ओटीत येऊन उभं राहणं, लॅबकडून महिन्याला येणारं पाकीट, अशी अस्सल उदाहरणं घेतली आहेत. रुग्णाचे कागद ७२ तासांच्या आत द्यायचे आणि तीन वर्षं जपायचे, हेही ठळक छापलंय. केसपेपर मागणाऱ्या नातेवाइकाला आठ दिवस हेलपाटे घालायला लावणाऱ्या रेकॉर्ड रूमच्या भिंतीवर हे पान खरोखर डकवावं.

एकच खटकतं. ‘कोणत्याही स्वरूपाची भेट’ म्हणून पेढ्याच्या डब्यावरही बंदी घातली आहे. बडोद्यात मुलगा झाला तर पेंडे आणि मुलगी झाली तर जिलबी, हे प्रसूती वॉर्डातून कोणी हटवू शकलेलं नाही, हटवायचं कारणही नाही. पेढ्यालाच गुन्हा ठरवणारा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, आणि त्याच्याबरोबर शेजारचे खरे नियमही सैल पडतात. त्यापेक्षा असं लिहून घ्यावं: खाण्याची वस्तू चालेल, पण ती नर्सिंग स्टेशनवर उघडी, सगळ्यांसाठी, आणि डिस्चार्जचं बिल झाल्यावरच. रोख, पाकीट, गिफ्ट कार्ड कधीच नाही. मावश्यांना आणि वॉर्डबॉयना ‘चहापाणी’ म्हणून जे दिलं जातं त्याबद्दल मात्र पुस्तिका गप्प, कारण ती फक्त ‘क्लिनिकल स्टाफ’ला वाटायची आहे. बाळ आईच्या हातात द्यायच्या आधी दोनशे रुपये मागितले जातात ते कोण मागतं, हे ज्याला माहीत आहे त्याने ही यादी बनवलेली नसावी.

आता चुका. कायद्याच्या भागात तीन ठळक चुका आहेत, आणि विकत घेण्याआधी त्या दुरुस्त करून मागाव्यात.

पहिली. पुस्तिकेत नॅशनल मेडिकल कमिशनची २०२३ ची व्यावसायिक वर्तणूक नियमावली ‘लागू’ म्हणून दिली आहे. ती २ ऑगस्ट २०२३ ला निघाली आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित झाली. डॉक्टरांना लागू राहिली ती २००२ चीच. पुस्तिकेतला भेटींचा भाग २००२ वर उभा आणि सोशल मीडियाचा भाग २०२३ वर, असं धेडगुजरी प्रकरण झालंय.

दुसरी. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णाचा जीवरक्षक उपचार थांबवण्याची पद्धत २०१८ च्या निकालातली दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत केली: उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि त्यावर दुय्यम मंडळ, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. जुनी पद्धत इतकी किचकट होती की आयसीयूवाले तिच्या वाटेलाच जात नसत. तीच पुन्हा छापून वाटण्यात काय अर्थ आहे?

तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण ती सिस्टरांना थेट भोवते. ‘निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास वैद्यकीय कर्मचाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा’ असं पुस्तिका आणि स्लाइड दोन्ही सांगतात. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात सगळ्यांनाच दोन वर्षं होती, तिथून हे वाक्य आलं असणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. दोन वर्षांची सवलत उरली ती फक्त ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिका’ला, म्हणजे मेडिकल रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरला. नर्स, टेक्निशियन, फार्मासिस्ट त्या व्याख्येत बसत नाहीत. एकाच खोलीत बसवून डॉक्टरला आणि सिस्टरला ‘दोन वर्षं’ सांगणं म्हणजे अर्ध्या खोलीला चुकीची माहिती देणं. फौजदारी खटल्यासाठी साधा नव्हे तर ढोबळ निष्काळजीपणा दिसला पाहिजे, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाचं सूत्र मात्र त्यांनी बरोबर दिलंय, आणि ते सांगताना खोलीत जरा हायसं वाटतं.

प्रशिक्षणाची वेळ दुपारी अडीच ते साडेपाच. सकाळची शिफ्ट दोनला सुटते, म्हणून ही वेळ सोयीची, असा हिशोब. पण त्याच तुकडीत रात्री आठला ड्युटीवर चढणाऱ्या सिस्टरा असतात, आणि सकाळी आठला नाईट उतरून घरी दोन तास डोळा लावून आलेल्याही असतात. चौथ्या रांगेपासून मागे काय चालतं ते सांगायला नको. चाचणीचे वीस प्रश्न प्रत्येक तुकडीला तेच असल्यामुळे दुसऱ्या तुकडीपासून उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पोचतात आणि सगळ्यांना वीसपैकी वीस पडतात. नीतिमत्तेच्या परीक्षेत सगळा वर्ग कॉपी करून पास, आणि तो निकाल तपासणीच्या फाइलला लावायचा. हे गमतीत सोडून देता आलं असतं. पण याच सत्रात एक स्लाइड अशी आहे की तिच्यासाठी सगळ्यांनी जागं असायला हवं.

ती स्लाइड अमेरिकेतल्या नॅशव्हिलची. डिसेंबर २०१७ मध्ये एका नर्सने स्कॅनआधी रुग्णाला शांत करण्याचं औषध द्यायचं म्हणून औषधांच्या स्वयंचलित कपाटात नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, औषध ब्रँडच्या नावाने दिसलं नाही, म्हणून ओव्हरराइड केलं, म्हणजे कपाटाची अडवणूक बाजूला सारली, आणि बाहेर आलं ते व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं. रुग्ण दगावली. मार्च २०२२ मध्ये नर्सला दोषी ठरवलं गेलं आणि मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. स्लाइडवर एवढंच, आणि खाली लाल अक्षरांत ‘एक चूक, आयुष्य उद्ध्वस्त’. जे सांगायचं राहिलं ते असं: चूक लक्षात आल्याबरोबर त्या नर्सने ती स्वतः कबूल केली होती. तिचं दुर्लक्ष साधं नव्हतं. व्हेक्युरोनियमची पूड पाण्यात विरघळवावी लागते, बाटलीच्या टोपणावर इशारा छापलेला असतो, दोन्ही ठिकाणी ती थांबू शकली असती. आणि तरीही, कपाट ओव्हरराइड करणं त्या काळात तिथे रोजचंच झालं होतं, हेही खटल्यात पुढे आलं. या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या तर अर्धा तास चर्चा होईल. नुसती लाल ओळ दाखवली की खोलीतली प्रत्येक सिस्टर एकच धडा घेते: कबूल केलं की मेलो.

इथून पुढे या पॅकेजचं खरं दुखणं सुरू होतं. अपराधीपणाबद्दल ४४ पानांत एकच वाक्य आहे, पान ३१ वर: ‘आचारसंहितेचे पालन करणाऱ्या कर्मचाऱ्यास अपराधी वाटण्याचे कारण नाही.’ हे वाक्य लिहिणारा माणूस वॉर्डात एक रात्र तरी थांबला असता तर त्याने ते खोडलं असतं. ज्याला नियमाची पर्वाच नाही त्याला झोप छान लागते. मन खातं ते नियम मानणाऱ्याचं. या विषयातली सगळ्यात जुनी आणि कामाची कल्पना अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात मांडली: योग्य काय ते कळतंय, पण संस्थेच्या अडचणीमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारी नैतिक घुसमट. हिच्यात चूक झालेलीच नसते. झालेली असते ती फरफट.

मराठीत आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, चार आहेत, आणि ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं तर वाटतो तो अपराधीपणा. मला डिपॉझिट मागायला लावलं, मी मागितलं, बाई गळ्यातलं काढून घेऊन गेल्या, तिथे राहते ती बोच. आणखी अर्धा तास बेडजवळ थांबायला हवं होतं, पण सोळा पेशंट होते, ही हळहळ. ‘आपण या कामाच्या लायकच नाही’ ही शरम. पहिल्या तिन्हींवर काहीतरी करता येतं. चौथी धोक्याची, कारण तिच्यातून माणूस नोकरी सोडतो किंवा त्याहून वाईट काही करतो. मराठी पीडीएफमध्ये या सगळ्यांना ‘अपराधभावना’ अशी एकच चिठ्ठी लावली आहे. त्याच पीडीएफमध्ये हितसंबंधांचा संघर्ष, शून्य सहनशीलता, शिट्टीवादक (व्हिसलब्लोअरचं शब्दशः भाषांतर) असले शब्द आहेत. खानदेशातून इथे नोकरीला आलेली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी ‘शिट्टीवादक’ वाचून काय समजेल? बॅन्डवाला? त्यापेक्षा ती गुजराती प्रतच बरी वाचते.

डिपॉझिटचं उदाहरण घेतलं ते उगाच नाही. अ‍ॅडव्हान्सचा आकडा ठरवतं बिलिंग, तो सांगायला पाठवतात सिस्टरला, कारण नातेवाईक तिचं ऐकतात. पीएमजेएवाय-मा या सरकारी मोफत उपचार योजनेच्या कार्डावर दाखल रुग्णाकडून वरचे पैसे घ्यायचे नसतात, तरी ‘हे औषध पॅकेजमध्ये बसत नाही, बाहेरून आणा’ हे वाक्य तिच्याच तोंडून जातं. बिल बाकी म्हणून डिस्चार्ज किंवा मृतदेह अडवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत आहे. अडवला जातो तेव्हा दारात उभी असते ती सिस्टर किंवा सिक्युरिटीवाला. पुस्तिकेत ‘रुग्णाशी सौजन्याने वागावे’ हे कलम आहे. बिलिंगने आपलं काम स्वतः करावं, असं कलम नाही. ते एक घातलं, की पैशाची कोणतीही मागणी बिलिंग काउंटरवरूनच होईल आणि नर्सिंग स्टाफ ती बोलणार नाही, तर तीन तासांच्या सत्राने होणार नाही इतका फरक पडेल. खर्च शून्य. फक्त मालकाला बोलायची हिंमत सल्लागाराने दाखवायला हवी, आणि बिल मालकच देतो, हीच अडचण आहे.

घटना नोंदवायचा तक्ता तपासायचा असेल तर एक चूक अगदी जवळून धरून पाहावी. इन्सुलिनची घ्या. आपल्याकडे बऱ्याचशा कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, इन्सुलिन पेनची काडतुसं आणि काही कुप्या १०० युनिटच्या. सिरिंजही दोन जातींच्या: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. रात्री दहाला पेनची सुई संपलेली. सिस्टर काडतुसात सिरिंजची सुई घालून औषध ओढते (हे करू नये, पण होतं), ट्रेमध्ये हाताला येते ती लाल टोपणाची, १० च्या रेघेपर्यंत. रेघ म्हणते १० युनिट. आत पाव मिलिलिटर आहे, म्हणजे २५ युनिट. अडीचपट. उलटी चूकही होते: ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने १० रेघा ओढल्या तर जातात फक्त ४ युनिट, साखर चढते, दुसऱ्या दिवशी डॉक्टर डोस वाढवतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणी बरोबर सिरिंज वापरली की पेशंट कोसळतो. पहिल्या प्रकारात पहाटे घामाने थबथबलेला पेशंट, ग्लुकोमीटरवर साखर ३८, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, आणि वीस मिनिटांत पेशंट डोळे उघडून पाणी मागतो. कुणाचं काही कायमचं बिघडलं नाही. आता हे त्या तक्त्यात भरून पाहा.

रकाना एक: चूक करणाऱ्याचं नाव. रकाना दोन: कर्मचारी क्रमांक. तीन: आचारसंहितेच्या कोणत्या कलमाचा भंग. पुढे रुग्णाची माहिती, वेळ, साक्षीदार, कोणाला कळवलं. अकरावा रकाना ‘कारण’, त्याला अर्धी ओळ. चौदावा, ‘कर्मचाऱ्याचा खुलासा’. ट्रेमध्ये दोन जातींच्या सिरिंज एकत्र का होत्या? पेनच्या सुयांचा इंडेंट (मागणीचा कागद) कधी टाकला होता आणि स्टोअरने तो परत का पाठवला? त्या वेळी किती पेशंटमागे किती सिस्टरा होत्या? दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे डोस तपासायचा नियम होता का, आणि ती दुसरी सिस्टर जागेवर होती का? यातलं काहीही लिहायला जागा नाही. पण सिस्टरला ही सगळी उत्तरं पाठ असतात. कागदावर जागा नाही म्हणून ती बोलत नाही, आणि स्टोअरच्या, मेट्रनच्या, मालकाच्या वाट्याचं जे होतं तेही तिच्याच नावाच्या रकान्यात जमा होतं. घरी जाताना ते सगळं ती बरोबर घेऊन जाते.

हा तक्ता उलटा करून घ्या. आधी घटना, मग ट्रे, साठा, संख्या, व्यत्यय (फोन, नातेवाईक, दुसऱ्या बेडची बेल), मग काय बदललं पाहिजे, आणि नाव सर्वांत शेवटी, तेही दुमडून बंद करायच्या पट्टीत. थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी वेगळा, चार ओळींचा कागद हवाच. या पॅकेजमध्ये तो नाही. टळलेली चूक फुकटचा धडा असतो, कुणाला काही झालेलं नसतं, म्हणून माणूस मोकळेपणाने लिहितो. मेमो द्यायचा की नाही हे ठरवताना एक साधी कसोटी वापरावी: तेवढीच शिकलेली, तेवढ्याच अनुभवाची दुसरी सिस्टर त्या रात्री, त्या ट्रेसमोर उभी केली असती तर तिच्याकडूनही हेच झालं असतं का? ‘हो’ असेल तर मेमो स्टोअरला. जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवला असेल, दारू पिऊन ड्युटी केली असेल, नोंद खोटी केली असेल, तर शिक्षा जरूर करा. मधला प्रकार, म्हणजे सगळेच करतात म्हणून घेतलेला शॉर्टकट, तिथे समजावून सांगायचं आणि तो शॉर्टकट का लागतो ते शोधायचं.

स्वीकृतीपत्राबद्दल स्पष्टच सांगतो: ते आहे तसं घेऊ नका. त्यात ‘माझ्या हातून घडलेल्या कोणत्याही उल्लंघनास मी वैयक्तिकरीत्या जबाबदार राहीन’ अशी ओळ आहे. हॉस्पिटल काय पुरवेल, याची एकही ओळ नाही. हा कागद पर्सनल फाइलमध्ये जातो आणि काही झालं की सगळ्यात आधी तोच बाहेर निघतो. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा मसुदा करून मागा. हॉस्पिटलच्या बाजूने निदान एवढं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक सिस्टर, पोटॅशियम क्लोराईडचे अँप्यूल वॉर्डाच्या खुल्या साठ्यात ठेवणार नाही, तोंडी ऑर्डर फक्त इमर्जन्सीत आणि ऐकणाऱ्याने ती परत वाचून दाखवायची, आणि चांगल्या हेतूने नोंदवलेल्या चुकीवर शिक्षा होणार नाही. यातला एकही मुद्दा द्यायला हॉस्पिटल तयार नसेल, तर सिस्टरांची सहीही मागू नये.

तक्रारपेटी कुठे लावायची हे पॅकेजवाले ‘दर्शनी जागी’ एवढंच सांगतात, आणि मग ती जाते एचआरच्या केबिनबाहेर, थेट कॅमेऱ्याखाली. मोबाइलवरचा फॉर्म ‘निनावी’ म्हणतात, पण तो उघडताना हॉस्पिटलचा ईमेल मागतो. पेटी नर्सेस चेंजिंग रूममध्ये आणि ओटीच्या स्टाफ पॅन्ट्रीत, फॉर्म ईमेलशिवाय, किल्ली एकट्या मेट्रनकडे नको, दोघांकडे मिळून, आणि दर पंधरा दिवसांनी काय आलं आणि काय केलं याचा कागद त्याच पेटीवर चिकटवलेला, तरच ती वापरली जाते. लैंगिक छळाच्या तक्रारी या पेटीत टाकायला सांगितलं आहे, ते साफ चूक. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, तक्रार लेखी तिच्याकडेच जाते आणि साधारण तीन महिन्यांची मुदत असते. पेटीत पडून राहिलेल्या चिठ्ठीने ती मुदत निघून जाऊ शकते.

फोनवरचं समुपदेशन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, हिंदी आणि इंग्रजीत. नाईट ड्युटीवाल्याला त्या वेळेत झोपायचं असतं. याच्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठी-गुजराती दोन्हींत बोलता येतं. तो पोस्टरवर छापून घ्या आणि समुपदेशनाची रक्कम बिलातून वजा करायला लावा.

पण फोन हा दुसरा-तिसरा टप्पा झाला. मोठी चूक झाल्यावर पहिला तास वॉर्डातच सांभाळावा लागतो, आणि त्याबद्दल पॅकेजमध्ये अक्षर नाही. चुकीने कोलमडलेल्या डॉक्टर-नर्सला ‘दुसरा बळी’ हा शब्द अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये वापरला. पुढे रुग्णांच्या नातेवाइकांनी त्यावर रास्त हरकतही घेतली की बळी आमचं माणूस, तुम्ही नव्हे. शब्द सोडा, काम घ्या. मिसुरी विद्यापीठाच्या हॉस्पिटलांत या कामाची तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली, आणि तिचा मोठा भाग पहिल्याच पायरीवर, म्हणजे त्याच वॉर्डातल्या सहकाऱ्यांकडून होतो. दुसऱ्या पायरीवर थोडं प्रशिक्षण घेतलेले सहकारी, तिसऱ्यावर मानसोपचार. शंभर खाटांच्या हॉस्पिटलला हे झेपतं. शिफ्टमागे एक अनुभवी सिस्टर किंवा ब्रदर नेमायचा. घटना झाली की त्याने करायचं ते एवढंच: रुग्ण दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे आणि हँडओव्हर स्वतः ऐकायचा. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, पण नातेवाइकांसमोर उभंही करायचं नाही, ते ड्युटी डॉक्टर आणि सुपरिंटेंडंटचं काम. ‘असं कसं केलंस?’ हा प्रश्न त्या रात्री विचारायचा नाही. जबाब दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर. नोंदीत त्या घाईत खाडाखोड होणार नाही हे पाहायचं, कारण मागाहून केलेली खाडाखोड कोर्टात मूळ चुकीहून जड जाते. घरी सोडायला कोणीतरी. आणि तिसऱ्या दिवशी एक फोन. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येऊ लागतो, आणि तेव्हा बाकी सगळे तो विसरलेले असतात.

नातेवाइकांना काय सांगायचं हेही पुस्तिकेत ‘व्यवस्थापनाच्या सूचनेनुसार’ या दोन शब्दांत आटोपलंय. इन्सुलिनच्या त्या उदाहरणात नातेवाईक बेडशेजारीच झोपलेले असतात, धावपळ त्यांनी पाहिलेली असते. ‘साखर कमी झाली होती, आता ठीक आहे’ एवढंच सांगून सकाळी चहा पाजला, की पुढचे चार दिवस सिस्टर त्या बेडकडे नजर वर करून बघत नाही. काय झालं, त्यावर काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलतोय, हे तीन मुद्दे डॉक्टरने त्याच सकाळी सांगायचे. ती तिथे हजर असावी की नाही, हे तिच्यावर सोडावं.

आता पैशाचं. ८५ हजारांत भेटी-कटचा भाग, कागदपत्रांचा भाग आणि पोस्टरांपैकी दोन (हात धुण्याचं आणि रुग्णाची ओळख नाव आणि यूएचआयडीने (हॉस्पिटलने दिलेल्या रुग्ण क्रमांकाने) पटवा, बेड नंबरने नाही, हे) पैसे वसूल करणारी आहेत. प्रशिक्षण दोन तुकड्यांत नव्हे, दीड-दीड तासाच्या चार बैठकांत मागा, आणि नाईट उतरलेल्यांना त्या दिवशी बोलावू नका. चाचणीचे प्रश्न आपल्या वॉर्डातल्या घटनांवरून स्वतः काढा. दहा पुरे. कायद्याच्या तीन चुका सुधारून मिळेपर्यंत पुस्तिका छापायला होकार देऊ नका. मराठी पीडीएफ घेऊच नका. त्याऐवजी मूळ मजकूर वर्ड फाइलमध्ये मागून घ्या आणि आपल्याच एखाद्या जुन्या इन्चार्ज सिस्टरकडून लिहून घ्या. पीडीएफच देऊ म्हणाले तर पुढच्या वर्षी एक ओळ बदलायलाही ते पैसे मागतील. आणि पुस्तिकेचा आकार बघून घ्या. नमुन्यात दाखवतात ती लहान असते, छापून येते ती बोटभर लांब, युनिफॉर्मच्या खिशात मावत नाही, आणि महिन्याभरात क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) खालच्या खणात जाऊन पडते.